वहिनीच्या भुवया

सातेकीने आईसमोर मांडी घालून पुन्हा विचारलं, "येतेस ना माझ्याबरोबर ऑकलंडला?" फुसीवहिनी त्याच्याकडे बघत राहिली. भुवया जागच्या हलल्या नाहीत.

झटका आल्यापासून तिची वाचा गेली होती, तोंड एका बाजूला ओघळलं होतं, उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. भुवया मात्र शाबूत होत्या, आणि आम्हा टोंगाच्या माणसांना तेवढ्या पुरतात. भुवया उडाल्या की हो. नाही म्हणायला काही करावंच लागत नाही. पण या बाईला ते कधी जमलंच नव्हतं. चर्चच्या बायका चटई मागायला आल्या, भुवया वर. शेजारी डुकराचं पिल्लू मागायला आले, भुवया वर. माझा भाऊ कपाळाला हात लावायचा, म्हणायचा, ही एक दिवस डोक्यावरचं छप्परही देऊन टाकेल. आता तो घरासमोरच पांढऱ्या वाळूखाली निजला आहे, आणि त्याच्याजवळून हलायला ती तयार नव्हती.

सातेकी पोरगा गुणाचा. तिकडे तिच्यासाठी तळमजल्याची खोली करून ठेवली होती, तिला जिना नको म्हणून. रोज विचारत होता. शेवटी त्याचा धीर सुटला आणि तो माझ्याकडे आला. "आत्या, तूच विचार. तुला ती नाही म्हणायची नाही."

खरं होतं ते. आमच्यात नणंदेचा शब्द भावजय मोडत नाही. नवऱ्याच्या बहिणीने बोट दाखवावं आणि घरातली उत्तम चटई उचलून न्यावी, असा रिवाज. मीही काही कमी उचलल्या नाहीत. शिवाय तिने जावं असं मलाही वाटत होतं. माझे गुडघे गेलेले. तिला उठवायचं कुणी, भरवायचं कुणी?

मी तिच्यासमोर बसले आणि स्पष्ट सांगितलं, "फुसी, तू पोराबरोबर जायचंस. मी सांगते आहे."

तिच्या कपाळावर घाम आला. भुवया थरथरल्या. जन्माची सवय ती, आपोआप वर निघाल्या होत्या. तेवढ्यात तिने डावा हात उचलला, पंजा कपाळावर ठेवला आणि दोन्ही भुवया खाली दाबून धरल्या.

मला असा संताप आला म्हणता! इतक्या वर्षांत हिने माझा शब्द खाली पडू दिला नव्हता. मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून. बाई कपाळावरचा हात काढेना. मग माझाच आवाज खाली आला. केवढा जोर लावत होती ती! मी सातेकीला म्हटलं, "पुरे झालं, बाबा. ती येत नाही. मी आहे इथे, बघेन तिचं."

"तुझेच गुडघे धड नाहीत, आत्या."

"गुडघे माझे आहेत. मी बघेन त्यांचं काय करायचं ते."

तो आईजवळ सरकला. मग आईच्या पायावर हात ठेवून हळूच म्हणाला, "मग मी एकटाच जाऊ, आई?"

तिचा हात कपाळावरून खाली आला. तिने लेकाकडे पोटभर पाहून घेतलं. डोळे भरून वाहायला लागले, आणि मग तिने भुवया उचलल्या, दोन्ही, अगदी वरपर्यंत.