लाल शाईतली उमेरा

मित्रांनो, मी तिसरीच्या वर्गाचा हजेरीपट. मुकुटबनजवळच्या एका गावातल्या शाळेतला. आमची नोकरी एका वर्षाची असते. माझी संपून किती तरी वर्षं झाली. आता मी पत्र्याच्या पेटीत पडून आहे. पेटीत वाळवी शिरली आहे. पण वाळवीचं मला एवढं भय वाटत नाही. एका दुपारचं वाटतं. ती आठवली की अजून माझी पानं एकमेकांना चिकटतात.

यवतमाळच्या एका छापखान्यात माझ्यावर रेघा पडल्या, पाठीला कापड चिकटलं. जून महिन्यात विमलताईंनी माझ्यात एकतीस नावं लिहिली. विमलताई म्हणजे आमच्या वर्गाच्या मॅडम. त्यांचं अक्षर पाहून केंद्रप्रमुख म्हणाले, "पट असावा तर असा. यात लिहिलं ते खरं." मी फुगून गेलो.

पण माझ्यात एक खोटं रोज लिहिलं जात होतं.

उमेरा रोज शाळेत यायची. तिची आई अकीलाबाई शिवणकाम करायची आणि तिला फाटकापर्यंत सोडून जायची. उमेरा टाटपट्टीच्या टोकाला वैष्णवीशेजारी बसायची. कोणाच्या डोळ्यांत बघायची नाही. गलका झाला की कानांवर हात दाबून डोलायची. नाव पुकारलं की कपाटाच्या कडीकडे बघत राहायची.

"तोंडात मिठाची गुळणी धरली का?" मॅडम म्हणायच्या. "हजर म्हणशील त्या दिवशी हजर लिहीन."

मुलं हसायची. मॅडम लाल पेनानं 'गै' लिहायच्या. गैरहजर. त्या दुष्ट नव्हत्या. पोरगी हट्टी आहे, अशानं बोलती होईल, असं त्यांना मनापासून वाटायचं. मुलगी माझ्यापासून तीन हातांवर बसलेली, आणि माझ्यात ती नाही! मला तेव्हापासूनच धास्ती वाटू लागली.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. घरोघरी कापूस पडून होता. शाळा समितीतल्या सेवादास राठोडांच्या घरात चुलीपर्यंत कापूस आला, तेव्हा त्यांनी उरलेला शाळेच्या ऑफिसात आणून खिडकीइतका उंच रचला.

जानेवारीतली गोष्ट. मधली सुट्टी झाली, खिचडीला उशीर झाला. मुलं ताटं वाजवू लागली. साठ-सत्तर ताटं एकदम. मी ऑफिसच्या टेबलावर होतो. कानांवर हात दाबून उमेरा आत धावत आली. तिनं कापूस दोन्ही हातांनी बाजूला केला आणि आत शिरली. पार वेणीच्या टोकापर्यंत. कापसात आवाज येत नाही. मला वाटलं, बरं झालं, जिवाला शांत वाटेल.

तेवढ्यात बाहेर बैलबंडी थांबली. मुकुटबनला व्यापारी आला होता, म्हणून सेवादास दोन माणसं घेऊन कापूस न्यायला आले. एक माणूस ढिगावर चढला.

"लोट ना बे पायानं, सासुरवाडीले आला काय?" खालचा ओरडला.

वरचा तुडवू लागला. ढीग दबत चालला. मी ओरडलो असतो, मित्रांनो, पण मी कागद होतो.

त्याच वेळी अकीलाबाई डबा घेऊन आल्या. "मॅडम, उमेरा कुठी हाय?"

विमलताई गोंधळल्या. आली होती का आज? की ते काल? रोज एकच अक्षर लिहून लिहून त्यांना आठवेना. त्यांनी ऑफिसात येऊन मला उघडलं.

"आली नाही. हे पाहा, गैरहजर."

"मी सोता फाटकापर्यंत सोडली ना जी!"

"मग तिथूनच कुठं गेली असेल."

झालं. कोणी विहिरीकडे धावलं, कोणी नाल्याकडे. माझ्या एका अक्षरानं गाव भलतीकडे पळत होतं, आणि दोन पावलांवर कापसाचा एक कडा ढासळला.

दारात वैष्णवी उभी होती. "मॅडम, थे आलती. माह्या बाजूलेच बसलती."

"मग पटात काहून नाही?" सेवादास म्हणाले.

"मॅडम लिहतच नाही! ताटं वाजली तवा थे इकडंच पळत आलती."

विमलताईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग ढिगाकडे पाहिलं. "उतरा! खाली उतरा आधी!"

सगळे हाका मारू लागले. उमेरा! उमेरा! कापूस गप्प. ढीग एवढा मोठा, उपसायचा तर कुठून? चुकीच्या बाजूनं ओढला तर सगळा तिच्याच अंगावर येणार. अकीलाबाईंनी डबा खाली ठेवला आणि ढिगाला कान लावला.

"तिचं नाव घेतलं त थे बोलत नाही," वैष्णवी म्हणाली. "मले माईत हाय. मॅडम हजेरी घेते तवा थे हळूच पुढचं नाव सांगते. तिले सगळा पट पाठ हाय."

तिनं मला उचललं. नावांवर बोट ठेवलं.

"उर्वशी," तिनं वाचलं. काहीच नाही.

"तारिक."

खिडकीखालून, खोल आतून, बारीक आवाज आला, "वैष्णवी."

माझ्या पानावर तारिकच्या खाली तेच नाव होतं.

सेवादासांनी सगळ्यांत आधी हात घातले. उमेरा बाहेर निघाली तेव्हा ओठ काळेनिळे, नाकात तंतू, पण श्वास चालू होता. सगळे एकदम रडू लागले. तिनं पुन्हा कान दाबले.

"कोणी आवाज करू नका," विमलताई हळू म्हणाल्या आणि भुईवर बसल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी पांढरकवड्याहून फिरत्या विशेष शिक्षिकेला बोलावून घेतलं. 'स्वमग्नता' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ताटं वाजवणं बंद झालं. दिवसभरात काय काय होणार, त्याची चित्रं उमेराच्या जागेजवळ लागली. गलका सोसला नाही तर वैष्णवीसोबत निंबाखाली जायची तिला परवानगी मिळाली. उमेरा वर्षअखेरपर्यंत 'हजर' म्हणाली नाही. तिचं नाव आलं की मॅडम उठायच्या, टाटपट्टीपर्यंत जायच्या, तिला बघायच्या आणि मग लिहायच्या.

जुने लाल 'गै' मात्र त्यांनी खोडले नाहीत. ते अजून माझ्या अंगावर आहेत.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही नाव घेतल्यावर कोणी गप्प राहत असेल. हसू नका. उभे राहा आणि मोठ्या माणसांना सांगा, "ती आली आहे." तुम्हाला बोलता येतं. मला येत नव्हतं.