क्विंटल संगणन

“मास्तर, हे क्विंटलवालं कॉम्प्युटर काट्याले जोडा लागते का?” पहिल्या बाकावरून सोमाजींनी विचारले.

लाखांदूरच्या त्या महाविद्यालयाला वरून पत्र आले होते, भविष्याकडे वळा म्हणून. भविष्यासाठी सहा संगणक होते, त्यातले चार सुरू. धनंजय मास्तर एकोणीस वर्षे तासिकेवर शिकवत होते. त्यांनी बावन्नाव्या वर्षी रात्री जागून पायथॉनमध्ये क्वांटम प्रोग्रॅम लिहायला शिकून घेतले. वीस प्रवेश झाले तर वर्ग, नाहीतर तासिका बंद, असे ठरले होते. सूचना टंकताना कार्यालयातल्या बाबूने ‘क्वांटम’चे ‘क्विंटल’ केले आणि धानाच्या पट्ट्यातून तेवीस जण आले. प्रवेशाच्या सह्यांचा कागद टेबलावर होता.

मास्तरांनी पहिला प्रोग्रॅम चालवला. एक क्युबिट, म्हणजे मोजला की शून्य किंवा एक देणारा क्वांटम बिट, हजार वेळा मोजलेला. पडद्यावर उमटले: शून्य ४९७, एक ५०३.

“येकच पोतं हजार डाव मोजलं, अन् दोन तऱ्हेचं वजन?” सोमाजी म्हणाले. “हे त आमच्या धान खरेदी केंद्रावर पहिलेपासूनच होते.”

वर्ग हसला. मास्तरही हसले.

“पोरगी म्हणे, बाबा, हे शिकून घ्या, मंग काट्यावर तुमाले कोणी फसवणार नाही,” सोमाजी पुढे म्हणाले.

मास्तरांचे हसू थांबले. सह्या होईपर्यंत गप्प बसायचे, एवढेच काम होते.

“काका, हे धान मोजाचं नाही.”

“मंग कायचं आहे?”

“मोजेपर्यंत जे ठरलेलंच नसते, त्याचं.”

“मंग आमाले काहून बलावलं जी?”

बाबूचे नाव मास्तरांच्या जिभेवर आले होते. “सूचनेत चूक होती. मले चार दिवसांपासून दिसत होती. मीच राहू देली.”

कोणी रागावले नाही. रागावले असते तर बरे झाले असते. माणसे टोप्या सावरत एकेक करून उठली. सोमाजी मात्र टेबलाशी आले.

“तुमची नोकरी आहे का यात?”

मास्तरांनी सह्यांचा कागद उचलला.

“मंग सही करून देतो. त्यायलेबी बलावतो वापस.”

मास्तरांनी कागदाची घडी करून खिशात टाकली. “नको काका.”

“बरं. पण आलोच आहो त पुरं सांगा. बस साडेचारले आहे.”

मास्तरांनी कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. पहिला शब्द ‘इम्पोर्ट’. सोमाजी एका बोटाने ‘आय’ शोधू लागले. तो कुठे आहे ते मास्तरांनी सांगितले नाही. सव्वातीनच झाले होते.