ऐन वेळचा हातोडा

डेंटिंगवाल्याच्या हातोड्याने एरवी सारी गल्ली हैराण असायची, पण त्याच्या मुलीचा सराव सुरू झाला की गॅरेजमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी. घर गॅरेजला लागूनच. मागच्या मोकळ्या जागेत पोरगी धनुष्य घेऊन उभी राहिली, की हा हातोडा खाली ठेवायचा आणि तोंडावर बोट ठेवून गिऱ्हाइकांना गप्प करायचा. चेपलेल्या गाड्या ताटकळत राहायच्या. लोक म्हणायचे, याचं डोकं फिरलंय. फिरलं तर फिरलं, पोरीसाठी एवढंही करायचं नाही तर बाप तरी कशाला व्हायचं?

एवढं करूनही निवड चाचणीत ती दोनदा आपटली. घरी तिचे बाण मधल्या पिवळ्या वर्तुळात नेमके जाऊन बसायचे आणि मैदानावर कुणी नुसतं खोकलं तरी हात हलायचा. आता शेवटची संधी उरली होती. यंदाही संघात आली नाही तर वय उलटणार आणि धनुष्य कायमचं खुंटीला लागणार.

नव्या कोच मॅडम एकदा घरी आल्या आणि गॅरेजमधली शांतता बघून त्यांनी कपाळाला हात लावला. पोरीचे दंड तयार आहेत, नजर तयार आहे, मन तेवढं कापसात गुंडाळून ठेवलंय, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"इथे तुम्ही सगळ्यांना गप्प करता," त्या म्हणाल्या. "मैदानावर कोण करणार?"

डेंटिंगवाल्याच्या नाकाला मिरची झोंबली. पण मॅडमनी उपाय सांगितला, तो त्याने ऐकून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून नवाच प्रकार सुरू झाला. पोरगी गाडीच्या काढून ठेवलेल्या सीटवर डोळे मिटून बसायची आणि अख्खी स्पर्धा मनातल्या मनात खेळायची: रेषेवर पाय, श्वास, हनुवटीपर्यंत दोरी. बापाने तिच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवायचं आणि बाण सुटणार असं दिसलं की पत्र्यावर दणका हाणायचा. दचकली तर मनातलं धनुष्य खाली घ्यायचं, श्वास घ्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. पहिल्याच दणक्याला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बापाला स्वतःची शरम वाटली. त्याने हातोडा ठेवून दिला.

"मारा बाबा," ती डोळे न उघडता म्हणाली. "तिथे कुणी मला विचारून मारणार नाही."

मग मात्र त्याने हात आखडता घेतला नाही. तिच्या ओठांचा कोपरा जरा आवळला की बाण सुटायला आलाय, हे त्याला कळायला लागलं. पुढे तिने खरं धनुष्य ताणायचं आणि याने ठोकायचं, असं चाललं. हळूहळू ती दचकेनाशी झाली. आपले उत्तम दणके वाया जातात म्हणून बाप जरा खट्टूही व्हायचा.

निवडीच्या दिवशी सगळं शेवटच्या बाणावर आलं. तिने दोरी ताणली आणि ऐन वेळी वाऱ्याने मांडवाचा पत्रा उचलून धाडकन आपटला. प्रेक्षक दचकले.

पोरीने धनुष्य शांतपणे खाली घेतलं. फलकावरचं घड्याळ पळत होतं. वेळ घालवतेय पोरगी, असं मागून कुणीतरी पुटपुटलं. ती या क्षणी गॅरेजमधल्या सीटवर बसली आहे, हे त्या गर्दीत एकट्या बापाला ठाऊक होतं. तिने श्वास घेतला, दोरी पुन्हा ताणली आणि सोडली.

बाण पिवळ्याच्या मधोमध बसला.

संघात तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्याचा ऊर भरून आला. ती जवळ आली. घाबरली होतीस का, एवढंच त्याने विचारलं.

"छे," ती म्हणाली. "पत्रा पातळ होता, बाबा. तुमच्या दणक्याची सर नाही त्याला."

शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी चौकशी केली, हिला कोणी तयार केलं म्हणून. डेंटिंगवाल्याने पलीकडे उभ्या असलेल्या मॅडमकडे बोट दाखवलं. मग काही राहवेना, म्हणून स्वतःकडेही दाखवलं.