भुरीची जखम आन् मालकांची तंबाखू

आमच्या मालकांच्या हाताला गुन हाय, असं सारं शेळगाव म्हनायचं. मी कवा म्हनले न्हाय. नवऱ्याला चढवून ठिवायची खोड मला न्हाय. ही गोष्ट साल चौतीसच्या थंडीतली.

पाटाचं पानी आलं तशी मालकांनी मेंढरं इकली आन् वांगी-मिरची लावली. मेंढरांची आठवन म्हनून ऱ्हायली ती एक घोंगडी. आता त्यांना जीव लावाया घरात एक भुरी मांजर तेवढी. तिला नुकती तीन पिल्लं झाली व्हती. मांजराचं कसलं कवतिक, म्हनायचं, आन् माझी पाठ वळली की दुधात कुस्करलेली भाकर तिच्याम्होरं सरकवायचं. मला दिसत न्हवतं व्हय?

एका सकाळी भुरी मागला पाय वढीत आली. कुत्र्यानं मांडीला धरलं व्हतं. मी पानी कोमट कराया उठले, तंवर मालकांनी चंचीतनं तंबाखू काढली, मळली आन् जखमंत दाबली. किडं पडू न्हाईत म्हनून जलमभर मेंढरांना हेच केल्यालं. आवं, पर मेंढरू कुठं जखम चाटतंय? मांजर तर दुसरं कायबी करत न्हाय. भुरीनं चाटलं, आन् जरा येळानं तिच्या तोंडाला फेस, अंग लटलट कापतंय.

मी तोंडाला यील ते बोलले. मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला धाडावं लागंल, असंबी बोलले. मालक ती मेंढरांची घोंगडी आनाया धावलं. तवा मलाच भ्या वाटलं.

मग त्यांनी तिला घोंगडीत गुंडाळलं, नुसतं डोकं आन् त्यो पाय भाईर. मी मिठाचं कोमट पानी वतत ऱ्हायले, तंबाखूचा कन न् कन निघस्तवर. वल्ल्या फडक्यानं तिचं तोंड पुसलं. तिनं मालकांचा हात वरबाडून रगत काढलं, पर त्यांनी सोडली न्हाय. दिस कलताना ती चार घोट पानी प्याली आन् आमच्या जिवात जीव आला.

जखम सुकली. पर चौथ्या दिशी भुरीनं एकेक पिल्लू तोंडात धरलं आन् घर सोडलं. मालक दिसलं की पळायची. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतंच, असं शेजारच्या गोजरबाईनं समजावलं. मालक मान हलवून म्हनलं, "ती मला भिऊन गेली. माझ्या हाताला आता गुन ऱ्हायला न्हाय."

भाकर निम्मी टाकून उठायचं. दुधाची वाटी मातुर रोज उंबऱ्यापाशी ठिवायचं आन् आपुन लांब जाऊन बसायचं. मला लई वाईट वाटायचं.

आठ-धा दिसांनी मालक वट्यावर बसल्यालं, शेजारी घोंगडी. भुरी आली, तोंडात पिल्लू. घोंगडीवर ठिवलं, गेली, दुसरं आनलं. मग तिसरं. आन् मग मालकांच्या मांडीवर चढून, जो हात तिनं वरबाडला व्हता, त्योच चाटाया लागली. मालक जागचं हाललं न्हाईत. थंडीनं कुडकुडत व्हतं, पर घोंगडी वढली न्हाय.

मी आतनं वाकळ आनून त्यांच्या खांद्यावर टाकली. म्हनले, "गुन हाय तुमच्या हाताला."

त्यांनी वर बघितलंच न्हाय. डोळं भरलं व्हतं.