साठांतले चार

गजेंद्रने साठही पत्ते पालथे मांडले आणि टेबल खिडकीकडे ओढलं. एकेक पत्ता उजेडात तिरपा धरून तो पाहू लागला. पाठीवर पुसट पिवळी छटा दिसली, ते चार पत्ते त्याने बाजूला काढले. उलटले, तर चारही एकाच चित्राचे निघाले.

समोर नंदिनी बसली होती. तिच्या मागे, भिंतीलगतच्या खुर्चीवर, तिची आई अन्नपूर्णाबाई गोमुखीत हात घालून जप करत बसली होती. तिने ते चार पत्ते लांबूनच ओळखले.

वर्ध्यातल्या त्या मंगल कार्यालयाच्या माडीवर सकाळपासून तीस-पस्तीस जण खेळत होते. जुगाराचे पत्ते नव्हेत, चित्रांचे. प्रत्येकाने आपला साठांचा गठ्ठा घरून बांधून आणायचा. गजेंद्र पंच होता. नंदिनी उपांत्य फेरीत पोचली होती. आज जिंकली तर हैदराबादच्या मोठ्या स्पर्धेत तिचं नाव जाणार होतं.

चार वर्षांत तिचा गठ्ठा किती पालटला ते अन्नपूर्णाबाईने पाहिलं होतं. दरवर्षी नियम बदलत. पत्त्याच्या कोपऱ्यातलं अक्षर जुनं झालं की तो पत्ता बाद. पहिल्या वर्षी नंदिनीकडे आगीचे प्राणी होते, धडाधड मारणारे. ते बाद झाल्यावर तिने समोरच्याला दमवून दमवून जिंकणारा गठ्ठा बांधला. पुढच्या वर्षी तोही मोडला. नोकरीवरून आली की सिंदी मेघेतल्या घरात ती जमिनीवर पत्ते पसरून बसे, आणि अन्नपूर्णाबाई भाजी निवडता निवडता विचारी,

"हा चांगला होता ना वं. याले काऊन काढलं?"

"चांगलाच हाय आई. पण आता चालत नाई."

एक पत्ता मात्र दर वर्षी टिकला. त्यावर वाटाड्याचं चित्र होतं; तो हाती आला की गठ्ठ्यातून हवा तो पत्ता शोधून घेता येई. कंपनी तो नव्या अक्षराने पुन्हा छापायची, म्हणून जुनेही चालायचे. छप्पन्न आले-गेले, हे चार राहिले. घरातल्या मानाच्या भांड्यांसारखे.

यंदाच्या खांडेनवमीला शिलाई मशीन, विळा, स्कूटी यांची पूजा झाली, तेव्हा नंदिनी आंघोळीला गेली होती. अन्नपूर्णाबाईने पत्त्यांची डबी उघडली. पोरीचं हत्यार हेच. साठांना कुठे लावत बसायचं, म्हणून त्या चारांच्याच पाठीवर, प्लास्टिकच्या कव्हरावर, तिने ओल्या हळदीचं एकेक बोट टेकवलं. नंदिनी चिडेल म्हणून लगेच पदराने पुसलंही. घरातल्या उजेडात काही दिसत नव्हतं.

"पालथा असतानाच कळते ना हा कोणता हाय ते," नंदिनीसमोर खेळणारा अश्विन आता पंचाला म्हणाला. "मले तर दुसऱ्या डावातच शंका आलती."

"पोहे खाऊन खेळून राह्यली असन," मागून कोणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

"पोहे बरोबर या चारांवरच सांडले?" गजेंद्रने विचारलं. "मॅडम, हे पत्ते अजून कोणी हाताळतं का घरी?"

नंदिनीने आईकडे मान वळवली. क्षणभरच. अन्नपूर्णाबाईने डोळे मिटून घेतले. गोमुखीत बोटं मणी ओढत होती. देवाचं नाव मात्र ओठांवर एकदाही आलं नाही. एवढ्या लोकांत उठून काय सांगायचं? पत्त्यांची पूजा केली म्हणून? पुन्हा हसतील, पोरीलाही हसतील. नेमाच्या बाईचा जप चालला आहे, असंच सगळ्यांना वाटलं असावं.

"नाई," नंदिनी म्हणाली. "मीच खाल्ले पोहे. माहाच हात लागला असन."

गजेंद्रने कागदावर काहीतरी लिहिलं. अश्विनला पुढे पाठवलं. नंदिनीला स्पर्धेतून बाद केलं.

दोघी जिना उतरल्या. खाली रिक्षा ठरवून नंदिनी आत बसली, तेव्हा अन्नपूर्णाबाई म्हणाली, "थांब, आलीच मी."

माडीवर गजेंद्र पाणी पीत उभा होता.

"दादा, ते पिवळं मी लावलं. खांडेनवमीची हळद होती. तिले माहीतही नोतं."

गजेंद्रने बाटली खाली ठेवली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मग नजर टेबलाकडे नेली.

"काकू, हळदीचा वास आला होता मला. म्हणून तर विचारलं, की कोणी हाताळतं का."

"मंग?"

"चुकून डाग लागला असता तर एक डाव गेला असता, बस. कव्हरं बदलून पुढे खेळली असती. पण चार सारख्या पत्त्यांवर खूण, आणि वरून पोहे सांगितले..." तो थांबला. "पंचाशी खोटं बोललं की मग माझ्या हातात काही राहत नाही."

"आता नाई होत काई?"

"तेव्हा एक शब्द कोणी बोललं असतं तर, काकू."

ती कठड्याला धरून उतरली. रिक्षावाल्याने गाडी सुरूच ठेवली होती.

"काऊन गेलती वर?" नंदिनीने विचारलं.

"पाण्याची बाटली राह्यली होती."

नंदिनीने आईच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"भेटली?"

"नाई."

नंदिनी आत सरकली आणि तिने आईला बसायला जागा करून दिली.