फोन टेकवल्यावर

पिठाच्या डब्याचं झाकण थडथडलं. भर दुपारचं घर चिडीचूप होतं. खोकून खोकून दमलेली यशू आत्ता कुठे मांडीवर पेंगली होती, आणि डब्यावरचा मोबाईल थरथरत पार कडेला आला होता. प्रज्ञानं हात लांबवून तो पडता पडता धरला. यशूचे डोळे टक्क उघडे.

"पप्पा!"

"मेडिकलात काय घेतलं?" महेंद्रनं चाकणहून विचारलं. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही.

"यशूला खोकला झालाय. औषध आनलं."

"मग आधी सांगायचं ना."

यशूनं फोन ओढून घेतला. "पप्पा, मी खोकते, ऐका हां!" आणि ती अगदी मन लावून खोकली. तिकडून हसू आलं, "शाणी माझी," आणि फोन बंद. यशू फोन छातीशी धरून पुन्हा आडवी झाली.

प्रज्ञा पुणतांब्याहून रोज कोपरगावला जायची. तिथल्या एका दवाखान्यात आयाचं काम होतं तिला. पगार तिच्या खात्यात यायचा, पण खातं उघडलं तेव्हा घरात मोबाईल एकच होता, महेंद्रचा. बँकेत त्याचाच नंबर गेला आणि तसाच राहिला. तिच्या फोनवरून स्कॅन करून पैसे देता येत नव्हते ते त्यामुळेच. मग महेंद्रनंच तिचं कार्ड तिच्या फोनात भरून दिलं. बँकेनं त्याच्या नंबरवर पाठवलेला ओटीपी त्यानं दागिना द्यावा तसा फोनवरून सांगितला. तेव्हापासून ती दुकानातल्या मशीनला फोन टेकवायची, टुक वाजायचं, पैसे जायचे. आणि मेसेज चाकणला.

महेंद्र चाकणला कामाला. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीपुरता तो येऊन गेला, तेवढाच. त्यानंतर त्याचे फोन यायचे ते त्या मेसेजांच्या मागूनच.

यशूला त्या टुकचा भारी नाद. दुकानात गेलं की बिस्किटाचा पुडा मागायची, फोन स्वतः टेकवायची, आणि पुडा न फोडताच तो फोन हातात घेऊन बसायची. पोरांचे एकेक खेळ, असं प्रज्ञाला वाटायचं.

त्या शनिवारी ती सासूच्या गुडघ्याचं मलम घ्यायला मेडिकलात गेली. फोन टेकवला, तर मशीननं नुसतंच पीं केलं.

"वहिनी, कव्हर काढून बघा," दुकानदार राधाकृष्ण म्हणाला.

कव्हर काढलं. आत नागपूरहून आणलेलं वाळकं पिंपळपान होतं, ते तिनं जपून तळहातावर घेतलं. पीं. मग फोन आडवा, उभा, उताणा. सेटिंगात जाऊन काय काय चालू केलं. फोन बंद करून पुन्हा सुरू केला. पीं.

"वहिनी, दृष्ट लागली त्याला! मीठ-मोहरी ओवाळा," मागून कुणीतरी म्हणालं आणि रांग हसली.

तेवढ्यात पडद्यावर आलं : कार्डाची पुन्हा खात्री करा, ओटीपी पाठवला आहे. तिनं तिथूनच महेंद्रला फोन लावला.

"ओटीपी आला आसंल बघा. सांगा पटकन."

"कशाला? लई टुकटुक चाललंय तुझं. परवा साडीच्या दुकानात काय हुतं?"

"दवाखान्यातल्या पोरीचं लगीन हुतं. आहेर घेतला."

"आता काय लागंल ते मला सांगत जायचं. मी हितून धाडीन."

महेंद्रचा आवाज मुळातच मोठा. राधाकृष्ण उगाचच कात्री शोधायला लागला. "न्या वहिनी मलम, मागून द्या," तो हळूच म्हणाला.

"न्हाई भाऊ. ठिवा ते." पान कव्हरात ठेवून तिनं फोन बंद केला. फोनात बिघाड नव्हताच. बिघाड कुठे आहे ते तिला कळलं होतं. रांगेलाही कळलं होतं. आता कुणी हसत नव्हतं.

घरी सासू भागिरथीबाई गुडघा चोळत बसली होती. "मलम?"

"न्हाई मिळालं, आत्या. तुमच्या लेकानं ओटीपी न्हाई दिला."

"त्यो काय आसतो?"

"परवानगी."

भागिरथीबाईनं उठून पेटीतून आपलं पासबुक काढलं. "माझ्या निराधारच्या पैशाला बी त्याचाच नंबर हाय. तुझा बदलशील तवा माझा बी बदल."

सोमवारी तिघी बँकेत.

"मिस्टरांना घेऊन या," काउंटरवरचा साहेब म्हणाला.

"कशाला?"

"नंबर त्यांचा आहे ना, ताई."

"नंबर त्यांचा. खातं माझं, सही माझी, पगार माझा. ह्ये आधार, फोटो बी माझाच हाय का बघा."

"तसं नसतं हो. उद्या घरात भांडणं होतात आणि लोक आमच्याकडे येतात."

"मग तसं लिहून द्या. नवऱ्याबिगर नंबर बदलत न्हाई, म्हनून. सही-शिक्क्यानं. तवर मी हितंच बसते."

ती बाकावर बसली. भागिरथीबाईनं शेजारी बसून दुखरा पाय येण्याजाण्याच्या वाटेवर लांब केला. "साहेब, गुडघा धरलाय. मी बी काय लवकर उठत न्हाई."

लोक पाय ओलांडून जायला लागले, तसे साहेबांनी मुकाट्यानं दोन फॉर्म पुढे सरकवले.

जुन्या नंबरवर बँकेनं शेवटचा मेसेज धाडला असणार, कारण दोन दिवसांनी महेंद्रचा फोन आला.

"नंबर बदलला?"

"व्हय."

"मला न इचारता?"

"तुमी काय इचारून गेल्ता चाकणला?"

"मग आता माझं काय काम?"

"लेकीशी बोलायचं. त्याला ओटीपी लागत न्हाई."

फोन कट झाला.

संध्याकाळी तिनं कार्ड स्वतः भरलं. ओटीपी तिच्याच हातात आला, चुलीवरचं दूध वर यावं तसा डोळ्यांदेखत. मेडिकलात तिनं ताठ मानेनं फोन टेकवला. टुक! आणि मेसेजही तिच्याच हातात थरथरला.

"जमलं की! कव्हर बदललं काय वहिनी?"

"न्हाई भाऊ. नंबर."

यशूनं बिस्किटाचा पुडा मागितला. आज प्रज्ञानं आढेवेढे घेतले नाहीत. यशूनं टाचा उंच करून फोन टेकवला, टुक ऐकलं आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. पुडा मांडीवर, फोन दोन्ही तळहातांवर. समोरून उसाची एक ट्रॉली गेली. मग दुसरी गेली.

"चल गं यशू, आजी वाट बघत आसंल."

"थांब ना."

पडद्याचा उजेड विझला. यशूनं तो बोटानं पुन्हा जागा केला, पुन्हा विझला. मग तिनं मान वर करून विचारलं,

"मम्मी, अजून एक पुडा घेऊ या का? मग तरी येईल का पप्पांचा फोन?"