आतून ओढल्याशिवाय

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. दाराचा नाही आणि खिडकीचाही नाही. मला दांडी नाही, कड्या नाहीत. दोन माणसांनी माझी वरची टोकं हातात धरली तरच मी पडदा, नाहीतर नुसतं कापड.

चेन्नईत अड्यारला एका इमारतीच्या गच्चीवर गोदाबाई मुलांना नाटक शिकवायच्या. त्यांचं घराणं तंजावरच्या मराठी लोकांपैकी. तिकडच्या जुन्या नाटकांत पात्र येताना दोघं जण त्याच्यापुढे पडदा धरत, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून आपल्या दोन जुन्या सुती साड्या एकावर एक ठेवून त्यांनी मला शिवलं. माप असं घेतलं की मला धरल्यावर खाली फक्त पावलं दिसावीत.

लाजऱ्या मुलाला त्या एकदम सगळ्यांपुढे उभं करत नसत. आधी माझ्यामागे जायचं आणि नुसतं चालून दाखवायचं. चोर कसा चालेल? गुडघे दुखणारी बाई कशी चालेल? बाकीची मुलं पावलांवरून ओळखत. मग कधीतरी मागून आवाज यायचा. मराठी, तमिळ, इंग्रजी, तोंडाला येईल ती भाषा चालायची. तयारी झाली की मुलानं मला आतून ओढायचं, तेव्हा धरणाऱ्यांनी मला खाली घ्यायचं. आतून ओढल्याशिवाय पडदा पडायचा नाही, हा गोदाबाईंचा एकच नियम होता.

माझं एक टोक नेहमी सुंदररावांच्या हातात असे. ते गोदाबाईंचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले. मुलं त्यांना तमिळ रीतीनं तात्ता म्हणत, म्हणजे आजोबा. दंड भरून आले की ते कुरकुरत, "गोदा, ही पोर ओढणार की मीच पडू?"

"तुम्ही पडा," गोदाबाई म्हणत. "पडदा पडायचा नाही."

ती पोर म्हणजे संयुक्ता. ती पहिल्यांदा आली तेव्हा माझ्यामागे नुसती उभी राहिली. काही दिवसांनी मागेच चालू लागली, मग बोलू लागली. मासे विकणाऱ्या बाईचं सोंग ती असं करी की मुलं हसून लोळत. पण तिनं मला कधी ओढलं नाही. गोदाबाईंनीही विचारलं नाही.

मग गोदाबाई गेल्या. दुखणं फार दिवसांचं नव्हतं. मला घडी घालून कपाटात ठेवलं गेलं.

वर्षश्राद्ध झाल्यावर सुंदररावांनी मुलांना पुन्हा बोलावलं. गोदानं काय शिकवलं ते लोकांनी बघावं, असं त्यांना फार वाटत होतं. गच्चीवर खुर्च्या मांडल्या. मुलांचे आईवडील आले. माझं दुसरं टोक निधीनं धरलं. ती मुलांमध्ये सर्वांत मोठी आणि तोंडानं तिखट.

संयुक्ता माझ्यामागून बोलू लागली. खुर्च्यांवरचे लोक हसले, मग गप्प होऊन ऐकू लागले. तिचे वडील मोबाइल धरून उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, पोर छान बोलते, पण चेहरा कधी दिसणार?

सुंदररावांची बोटं मला कळतात. ती थकली नव्हती. ती उघडली.

मी एका बाजूनं खाली लोंबलो. संयुक्ताचं वाक्य अर्ध्यात तुटलं. तिनं मलाच ओढून तोंडावर घेतलं. लोकांना तो नाटकाचा भाग वाटला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. तिचे गरम श्वास माझ्यात येत होते. मित्रांनो, मला झाकण्यासाठी शिवलं होतं, आणि ते एकच काम माझ्याकडून झालं नाही. मला तेव्हा जमिनीत जावंसं वाटलं.

"हात सुटला," सुंदरराव सगळ्यांना सांगत राहिले. वय झालं, हात सुटला. लोकांना ते खरं वाटलं. निधी मात्र त्यांच्याकडे बघत राहिली.

संयुक्ता यायची बंद झाली. सुंदररावांनी शिकवणी बंद केली. मला कपाटात ठेवणंही त्यांना जमेना. त्यांनी मला इमारतीखाली उभ्या असलेल्या गोदाबाईंच्या स्कूटरवर झाकण म्हणून टाकलं. समुद्राचा खारा वारा, कावळ्यांची घाण, ऊन. ते येता-जाता माझ्याकडे न बघता जात.

एका शनिवारी निधी आली.

"तात्ता, स्कूटरला थंडी वाजते का?"

तिनं मला ओढून काढलं, नळाखाली धुतलं आणि गच्चीवर वाळत घातलं. मी वाळेपर्यंत सुंदररावही वर आले आणि निधीनं बोलावलेली मुलं जमली. सगळ्यांत मागे, जिन्याच्या दाराशी, संयुक्ता उभी होती.

सुंदररावांनी सवयीनं माझं टोक धरायला हात पुढे केला. निधीनं ते दिलं नाही. "आज तुम्ही मागे जा," ती म्हणाली. दुसरं टोक कोण धरणार, असं तिनं विचारलं. मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग संयुक्ता पुढे आली.

माझ्याखाली दोन म्हातारी पावलं दिसू लागली, रबरी चपलांतली. मुलांना ओळखण्यासारखं काही नव्हतं, तरी कुणी हसलं नाही. ती पावलं एकदा जिन्याकडे वळली. मला वाटलं, हे आता जिन्यानं खाली जातील.

"हात सुटला नव्हता," ते आतून म्हणाले. "मी सोडला. गोदाचं कौतुक व्हावं म्हणून सोडला. संयुक्ता, मला तुझ्यापुढे यायला लाज वाटते."

संयुक्तानं माझं टोक दुसऱ्या हातात घेतलं आणि थोडं वर उचललं. तिचे दंड भरून आले होते, ते मला कळत होतं. सुंदरराव मला ओढत नव्हते.

"सावकाश, तात्ता," ती म्हणाली. "मी धरलाय."

मित्रांनो, मी आता विरलोय. मला जपलं नाहीत तरी चालेल, कापड फाटतंच. पण कुणी माझ्यासारख्या पडद्यामागे उभं असेल आणि टोक तुमच्या हातात असेल, तर दंड दुखेपर्यंत धरा. दुखल्यावरही धरा.

त्या दिवशी सुंदररावांनी मला ओढलं नाही. संयुक्तानं मला खाली घेतलं नाही.